कॉलेज करता करता काम केलंय? इथे लिहा

नाशिकला शिकायला आलेली बरीच पोरं काम करतच शिकतात, पॅकहाऊस, लॉन्सवरचं केटरिंग, दुकानात काउंटर, डिलिव्हरी. पैसे किती सुटले ते लिहाच, पण त्या कामातून काय शिकलात तेही लिहा. मालकाचं, कंपनीचं नाव नको.

—

मी पिंपळगावची. एफवायला असताना सकाळी कॉलेज आणि दुपारी द्राक्षाचं पॅकहाऊस. युरोपचा माल म्हणजे घड देठाला धरूनच उचलायचा, मण्याला बोट लागलं की वरचा मेणासारखा पांढुरका थर जातो. बारका मणी, तडकलेला मणी कात्रीने काढायचा, अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, भरले की पाच किलोची पेटी. माझ्या शेजारी सुरगाण्याच्या एक मावशी असायच्या, त्या पनेट काट्यावर ठेवायच्या आधीच वजन सांगायच्या आणि काटा तेच दाखवायचा. पण त्यांना हजेरी वाचता यायची नाही, मुकादमाच्या वहीत कुणाचा अर्धा दिवस कुठे गेला कळायचंच नाही. मग मी माझ्या वहीच्या मागच्या पानांवर आमच्या टेबलाची हजेरी मांडायला लागले. पगाराला दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर फरक निघाला, आणि पुढच्या पगारापासून पैसे पूर्ण यायला लागले. बीकॉमला अकाउंट्स होतंच, पण हिशेब कुणासाठी ठेवायचा ते तिथे कळलं.

—

गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नसराईत वाढपी. काळी पॅन्ट पांढरा शर्ट आपलाच, जेवण सगळ्यात शेवटी, सुटेपर्यंत सिटी बस बंद आणि ठेकेदार म्हणणार पैसे पुढच्या लग्नाला देतो. आधी रेट ठरवा आणि मेसेजवर घ्या, एवढंच सांगेन.

—

पिंपळगावच्या ताई, हजेरीचं फार भारी काम केलंत. मी डिप्लोमावाला, सुट्टीत अंबड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये डीबरिंगला होतो, म्हणजे मशीनवरून आलेल्या जॉबच्या (सुट्या भागाच्या) कडा कानशीने साफ करायच्या, संध्याकाळपर्यंत बोटांना चिरा पडायच्या. तिथल्या जुन्या ऑपरेटर काकांनी गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) हातात देऊन शिकवलं, 'गो' बाजू अलगद आत गेली पाहिजे, 'नो गो' अडली पाहिजे, जोर लावायचा नाही. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, तो खरा त्या दिवशी समजला. बारा बारा तास व्हायचे आणि ओव्हरटाइम सिंगलच मिळायचा, तेव्हाच्या 1948 च्या कारखाना कायद्यात दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर दुप्पट दर होता हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पॉलिटेक्निकमध्ये हे पहिल्याच वर्षी शिकवायला पाहिजे.

—

गावाकडून येणाऱ्यांनी आधी कॉलेजात 'कमवा व शिका'ची चौकशी करा. पुणे विद्यापीठाची योजना आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची. मी लायब्ररीत पुस्तकं लावायचो, पैसे थोडे पण मेसला हातभार लागायचा आणि लेक्चर बुडायचं नाही.

—

सगळे चांगलं लिहितायत म्हणून दुसरी बाजू. मी मेन रोडला साडीच्या दुकानात होते, दिवसभर उभं राहून उलगडलेल्या साड्यांच्या परत घड्या घालायच्या. गिऱ्हाइकाशी बोलायला शिकले, खरंय. पण दिवाळीच्या गर्दीत सुट्टी नाही म्हणाले, त्यातच सेमिस्टरचे पेपर आणि घरी पैसे लागत होते म्हणून काम सोडताही येईना, दोन विषय राहिले. पोरांना कामावर ठेवणारं कुणी हे वाचत असेल तर प्लीज त्यांचं परीक्षेचं टाइमटेबल आधीच मागून घ्या.