रामरक्षा: अर्थ कळला नाही तरी म्हणावी का?

अर्थ न कळता नुसतं स्तोत्र म्हणून काय मिळतं, असं वर विचारलंय. माझा अनुभव असा की आधी पाठ होतं, अर्थ मागून येतो, आणि आला की आतपर्यंत पोचतो.

रामरक्षा आमच्याकडे रोज दिवेलागणीला व्हायची. 'शिरो मे राघवः पातु'पासून कवच, म्हणजे एकेका अवयवाचं रक्षण मागणारा भाग, सुरू झालं की आजी एकेका अवयवाला हात लावायची. 'जानुनी सेतुकृत्पातु' आलं की दुखऱ्या गुडघ्यावर तळहात जरा जास्त वेळ टेकलेला असायचा. सेतू बांधणारा माझे गुडघे राखो! हे मला कळलं ते फार उशिरा. मग लक्षात आलं की डोक्यापासून पायापर्यंत येताना अख्खं रामायण क्रमानं येतं: दशरथाचा पुत्र, विश्वामित्रांचा लाडका, सीतापती, खर राक्षसाचा वध करणारा, हनुमंताचा प्रभू, आणि पावलांशी बिभीषणाला राज्य देणारा. रामरक्षा रचणाऱ्या बुधकौशिक ऋषींची ही योजना मला विलक्षण वाटते.

गेल्या वर्षी वडील आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर रात्रभर मी एवढंच म्हणत होतो, एकेक अवयव त्यांचा समजून. भीती गेली नाही, पण ती एकट्यानं सोसावी लागली नाही. मला तरी याहून मोठं फळ ठाऊक नाही.

उच्चार चुकतील म्हणून थांबू नका. कुणा जाणत्याबरोबर मोठ्यानं म्हणा. अनुष्टुभ छंदाच्या चरणांची आठ-आठ अक्षरं आपोआप श्वासाला वळण लावतात.