आजीची वही ते पहिलं पुस्तक : कुठे काय अडतं?

कोयंडा : माळा आवरताना पिपाखालून रेघी वही निघाली, कडेनं तेलकट. घरचं लिहून पहिलं पुस्तक करणाऱ्यांसाठी हा धागा. उमाळे नकोत, नेमकं सांगा. मी मापांपासून सुरू करते. 2 चिपटी = मापटं, 2 मापटी = शेर, 4 शेर = पायली. वजनाचा शेर निराळा! जुना मुंबई शेर 28 तोळ्यांचा, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम. बंगाली 80 तोळ्यांचा, 933 ग्रॅम. सरसकट 'शेर म्हणजे किलो' लिहिलंत तर साखर तिप्पट.

उंबरठा : कुठला शेर ते वहीच सांगते. आसपास तोळे असतील तर वजनाचा, चिपटं-मापटं असेल तर मापाचा.

बोरू : वही मोडी लिपीत असेल तर ऱ्हस्वदीर्घ तुमच्यावर. मोडीत वेलांटी एकच, उकार एकच. 'दिन' की 'दीन' ते संदर्भावरून. शब्दही सुटे नसतात, आधी रेघ आखून खाली सलग लिहिलेलं. घाईत नातेवाइकांची नावं चुकतात, आणि मग लग्नाकार्यात ऐकून घ्यावं लागतं.

जातंखुंटा : ओव्या घेणार असाल तर आधी मोबाइलवर ध्वनिमुद्रण, मग ऐकून जसंच्या तसं. गाताना ओळ दोनदा येते, मध्ये 'गं बाई' येतं. छापताना एकदाच घ्या, पण मूळ पाठ जपा. 'व्हती'चं 'होती' करू नका, बोली मोडते. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ या संशोधकांच्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत, गाणारणीच्या नावागावासकट. तशी नोंद ठेवा.

खिळेजुळारी : खरी गंमत पुढे. युनिकोड मजकूर जुन्या फाँटात उतरवला की 'ऱ्य'चा 'र्य' होतो, कारण मधला न दिसणारा जोड गळतो. 'दऱ्या'चा 'दर्या', 'आचाऱ्यानं भात केला'चं 'आचार्यानं भात केला'. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाराही हटकत नाही. प्रुफात 'र्य' शोधा आणि सूर्य, कार्य सोडून प्रत्येक जागा डोळ्यांनी बघा. 'ॲ'ही तपासा, तोही बिघडतो.

उंबरठा : आचार्यांनीच केला असेल भात, बिघडलं कुठे 😀

पोळपाट : कुकर लावलाय, पटकन विचारते. अर्पणपत्रिकेत आई आधी की सासूबाई??

कोयंडा : 'दोन्ही आयांना' लिहा आणि सुटा.

पानपट्टी : फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं, 16 पानांचा. 9 फर्मे म्हणजे 144. मुखपृष्ठाच्या आतली नामपानं, मनोगत, अनुक्रमणिका, सगळं त्यातच. मजकूर 147 वर गेला तर तीन पानं कापा, नाहीतर पुढच्या फर्म्याचे पैसे मोजा. पोळपाट, दोघींना वेगळं पान देऊ नका! आणि मुखपृष्ठ पानं ठरल्यावरच. आधी केलं की कण्यावरचं नाव सरकून मलपृष्ठावर जातं.

बोरू : अंत्य इ-उ दीर्घ हे सगळ्यांना पाठ असतं, घसरतात समासात. 'कवी' पण 'कविमन', 'गुरू' पण 'गुरुदक्षिणा'. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 18 नियम छापून टेबलावर ठेवा.

सहीशिक्का : आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून, फुकट. त्याचे पैसे मागणारा मध्यस्थ दिसला तर पाठ फिरवा. पुस्तक निघाल्यावर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत द्यायची, 1954 चा कायदा आहे. स्वामित्वहक्काची नोंदणी सक्तीची नाही, लिहिताक्षणीच हक्क येतो आणि लेखकामागे 60 वर्षं राहतो. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पण अर्ज हस्तलिखित असतानाच.

पोळपाट : फुकट?? इथे एकानं दोन हजार सांगितले.

सहीशिक्का : पाठ फिरवा म्हटलं ना.

जातंखुंटा : जिवंत माणसांवर लिहिताना ते ते प्रकरण त्यांना आधी वाचायला द्या. नुसतं नाव बदलून भागत नाही. 'नाशिकची, पोस्टात असलेली आत्या' एकच असते.

उंबरठा : आमच्याकडे अशा दोन आहेत, कुणीही अंगावर ओढून घेईल.

पानपट्टी : फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नुसता फोटो आकसतो. लहान जुना फोटो 600 डीपीआयनं स्कॅन करा, मोठा करता येतो.

कोयंडा : माझ्या वहीच्या पानातून मागचं अक्षर दिसतंय, तेलामुळे. स्कॅनमध्ये दोन्ही एकात एक.

पानपट्टी : पानामागे काळा कागद ठेवा. पांढरा ठेवला तर मागचं अक्षर जास्तच उमटतं.

पोळपाट : काळा कागद नसेल तर?

पानपट्टी : काळी फाइल चालते. पण उलटसुलट ठेवून दोन्हीकडून बघा, खालचा शिक्का उमटू शकतो.