मदत हवी आहे: आकार 'बघायला' कसं शिकायचं?

नमस्कार मंडळी, मी नौपाड्यात राहते, इंडस्ट्रियल डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८च्या भारतावरच्या अहवालात आपल्या तांब्याचं भरभरून कौतुक केलंय, ते वाचून आजीचा पितळी तांब्या घेऊन बसले. गळ्याशी बोटं आपोआप अडकतात, काठ बाहेर वळलेला म्हणून धार नीट पडते. हाताला हे सगळं कळतं, पण त्याचं मॉडेल फोममध्ये कोरताना खांद्याचं वळण पोटाशी येऊन मोडतं. पॉलिश पेपरने घासलं की अजूनच बिघडतं. सर म्हणतात, 'फॉर्म ढिला आहे.' नेमका कुठे, तेच मला दिसत नाही. आधी मातीत हात घालू की रोज स्केचेस करू? स्वतःची स्टाइल शोधायची घाई आत्ताच करावी का? ठाण्यात कोणी एखाद्या रविवारी माझी मॉडेल्स बघून चुका दाखवेल का?