स्टेंट कायमचा असतो, हे आधी का सांगत नाहीत?

निरंजन
थोरल्या भावाला जिना चढताना छातीत भरून यायचं. अँजिओग्राफीत एका वाहिनीत ८० टक्के ब्लॉकेज निघालं आणि तो टेबलावर असतानाच "लगेच टाकून घेऊ" म्हणत स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) टाकलाही. अटॅक नव्हता, दुखणं महिनोन्‌महिने तेवढंच होतं. ती जाळी पुन्हा काढता येत नाही, हे घरी आल्यावर कळलं.

अटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, त्यावर वाद नाही. पण स्थिर दुखण्यात? २००७ च्या 'करेज' अभ्यासात २,२८७ रुग्ण होते, २०२० मध्ये छापून आलेल्या 'इस्केमिया'त ५,१७९. चांगल्या औषधोपचाराच्या जोडीला स्टेंट (दुसऱ्या अभ्यासात काहींना बायपास) देऊनही मृत्यू कमी झाले नाहीत. मग जन्मभराची जोखीम कशाला घ्यायची?

कॅथलॅबवाला
निरंजनराव, आयुष्य वाढणं वेगळं आणि दुखणं कमी होणं वेगळं. २०२३ च्या 'ऑर्बिटा-२' मध्ये ३०१ जणांपैकी निम्म्यांवर स्टेंट टाकण्याचं नुसतं नाटक केलं होतं, कुणावर काय झालं हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. छातीचं दुखणं कमी करणारी औषधंही बंद ठेवली होती. तरी खऱ्या स्टेंटवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. भाऊ आता जिना चढतो का, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

आणि भीती जुन्या स्टेंटची आहे. साध्या धातूचे असताना आत व्रणासारख्या पेशी वाढून बऱ्याच जणांची वाहिनी पुन्हा अरुंद व्हायची. २००३ च्या सुमारास औषध लावलेले आले, ती वाढ खूप कमी झाली. पण त्या औषधामुळे जाळीवर आतलं अस्तर चढायलाही उशीर व्हायचा आणि उघड्या धातूवर वर्षा-दोन वर्षांनी गुठळी व्हायची. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत त्यावरून रान उठलं. आताच्या जाळीची तार जवळपास निम्म्या जाडीची, ८० मायक्रॉनच्या (०.०८ मिलिमीटर) आसपास. पहिल्या वर्षात गुठळीचं प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी.

मेधा
"पहिल्या वर्षात" म्हणून थांबलात, हे बरं केलंत. पुढचं मी सांगते. अनेक चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये पाच वर्षांपर्यंतचा हिशेब मांडला गेला. पहिलं वर्ष सरल्यावरही स्टेंटशी संबंधित घटना (पुन्हा अरुंद होणं, गुठळी, अटॅक) दरवर्षी सुमारे दोन टक्के चालूच राहतात. नव्या पिढीत थोड्या कमी, पण थांबत नाहीत. जाळीच्या आत नव्याने चरबीचा थर बसतो आणि तो फुटूही शकतो.

कायमचा धातू निर्धोक असता तर विरघळणारा स्टेंट बाजारात आणायची गरज काय होती?

कॅथलॅबवाला
मेधाताई, त्या विरघळणाऱ्याचं झालं काय, तेही लिहा! 'अ‍ॅब्सॉर्ब'ला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, २०१७ मध्ये विक्री बंद. त्यात गुठळ्या धातूपेक्षा जास्त झाल्या. ते दोन टक्केही सगळे जाळीच्या माथी मारता येणार नाहीत, मूळ आजार थांबलेला नसतोच. सिगारेट आणि साखर तशीच ठेवून स्टेंटला बोल लावणारे रोज बघतो.

सुलभा (रात्रपाळी, आयसीयू)
तुम्ही टक्के मोजताय, मला एक माणूस आठवतो. स्टेंट टाकून चार महिने झालेले, दाढ काढायची म्हणून क्लोपिडोग्रेल (स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायला देतात त्या दोन गोळ्यांपैकी एक) स्वतःच बंद केलेली. पहाटे आणला तेव्हा बनियन घामाने निथळत होतं. बायकोच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं होती, एकही गोळी फोडलेली नाही. जाळीत गुठळी झाली की वाहिनी अरुंद होताना होतं तसं हळूहळू होत नाही, रक्त एकदम थांबतं. तो वाचला. सगळे वाचत नाहीत.

दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनही काढता येते, रक्त जागेवर दाबून थांबवतात. हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, एवढं एक वाक्य त्याला कुणी ठासून सांगितलं नव्हतं.

निरंजन
माझंही तेच म्हणणं आहे! ज्याला अल्सर आहे, ज्याचं ऑपरेशन ठरलंय, त्याला दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या झेपतील का, हे टेबलावर झोपवण्याआधी विचारायला हवं. भाऊ चढतो जिना. पण हिरड्यांतून रक्त येतं आणि तो घाबरून असतो.

कॅथलॅबवाला
रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत दोन गोळ्या एका महिन्यावर आणता येतात, २०२१ चा 'मास्टर डॅप्ट' अभ्यास बघा.

मेधा
त्या अभ्यासात सगळ्यांना एकाच प्रकारचा स्टेंट होता. हे वाचून कुणी आपल्या मनाने महिन्यात गोळी सोडली तर सुलभाताईंच्या वॉर्डात पोचेल. आधी आपला स्टेंट कोणता, ते तरी माहीत हवं.

निरंजन
भावाच्या डिस्चार्ज कागदावर फक्त "१ स्टेंट" लिहिलंय.

सुलभा
डब्यावरचा स्टिकर केसपेपरला चिकटवतात. त्यावर कंपनी, लांबी, व्यास, बॅच असतं. रेकॉर्ड विभागातून त्याची प्रत मागून घ्या, आणि हिरड्यांचं डॉक्टरांना फोन करून आजच सांगा. गोळी चालू ठेवूनच.