'गैरवर्तणूक' या शब्दात काय काय बसवायचं?

प्रश्न : शाळेतल्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची नोंद ठेवावी आणि पुढच्या शाळेने नेमणुकीआधी ती पाहावी, असा ठराव आमचा पालक-शिक्षक संघ मांडतोय. मथळा 'गैरवर्तणूक केलेल्यांची यादी' चालेल, की 'गैरवर्तन' हवं?

उत्तर : सेवानियमांत 'गैरवर्तणूक' रुळलाय, तोच ठेवा. पण मला काळजी वेगळीच वाटते. खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत, नियम 28 मध्ये, शिक्षेची चार कारणं वेगवेगळी आहेत : गैरवर्तणूक, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून आणि सतत केलेली हयगय, अकार्यक्षमता. मुलामुलींशी असभ्य वागणं 'नैतिक अधःपतना'त येतं, आचारसंहितेचा भंग 'गैरवर्तणुकी'त. दोन्ही एका मथळ्याखाली घातलेत तर मुलांना खरा धोका असलेला माणूस गर्दीत दडेल आणि संस्थाचालकांशी वाद घातलेली शिक्षिका मात्र कायमची संशयित ठरेल.

प्रश्न : ताई, मग फक्त 'दोषी' ठरलेल्यांचीच नावं घ्यावीत का?

उत्तर : तेवढ्यानं भागत नाही. लैंगिक गुन्हेगारांची 2018 पासूनची राष्ट्रीय नोंद दोषी ठरलेल्यांचीच आहे आणि ती पोलिसांनाच पाहता येते. शाळेच्या हाती उरते ती पोलिसांकडून करून घ्यायची चारित्र्य पडताळणी. इंग्लंडमध्ये सोहॅमला 2002 साली दोन मुलींचा खून करणारा माणूस शाळेचा केअरटेकर होता. त्याच्यावर आधी लैंगिक गुन्ह्यांचे आरोप झाले होते, पण त्यांत तो एकदाही दोषी ठरला नव्हता. आज तिथे मुलांसोबत काम करायला मनाई असलेल्यांची यादी आहे. ती जाहीर नसते. आरोपांवरून नाव घालायचं असेल तर आधी त्या माणसाला कळवून म्हणणं मांडायला साधारण 8 आठवडे देतात, पुढे अपीलही करता येतं.

म्हणून 'आरोपी' हा एकच शिक्का सगळ्यांवर मारू नका. 'निलंबित' म्हणजे शिक्षा झालेला नव्हे, चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवलेला. 'राजीनामा दिला' एवढंच लिहिणं तर मुलांच्या जिवाशी खेळणं आहे. चौकशी टाळायला राजीनामा देऊन माणूस दुसऱ्या गावी रुजू होतो. रकाने असे करा : 'तक्रार प्राप्त', 'चौकशी सुरू', 'चौकशी अपूर्ण असताना राजीनामा', 'आरोप सिद्ध', 'आरोप सिद्ध झाले नाहीत', 'तक्रार खोटी आढळली'. शेवटच्या दोन्हींत फरक आहे, ते एकत्र करू नका. प्रत्येक नोंदीत कारण आणि कर्मचाऱ्याचं म्हणणं लिहा. मुलाचं नाव मात्र कुठेही नको.