मदत हवी आहे: फॉर्म्युला वनच्या टेस्टिंगच्या (सीझनआधीच्या चाचणीच्या) वेळांवरून रेस पेस (रेसमध्ये टिकणारा वेग) कसा काढायचा?

घाईगर्दी:
बहारीन टेस्टिंगचे लॅप टायमिंग मिळालेत. दोन टीमच्या लाँग रनची (सलग बऱ्याच लॅपची) सरासरी काढली, पहिली ०.४ सेकंदांनी पुढे आहे. तरी जो तो दुसरीलाच फेव्हरिट म्हणतोय. गणित कुठे चुकतंय? फँटसी लीगची टीम आज लॉक होते. 'टेस्टिंगवरून काही कळत नाही' हे कृपया नको, ऐकून कान किटलेत.

तिसरा_गिअर:
टायर कोणते? रन किती लॅपचे?

घाईगर्दी:
सॉफ्टच (मऊ रबराचे) असणार ना? पहिलीचा रन ८ लॅपचा, दुसरीचा १८ चा.

खडूस:
असणार ना म्हणजे?! आणि ८ लॅपला लाँग रन कोण म्हणतं?
२०१९ आठवा. बार्सिलोनाच्या टेस्टिंगला फेरारीचा फेटल १:१६.२२१, मर्सिडीजचा हॅमिल्टन फक्त ०.००३ मागे. सगळे फेरारी फेरारी करत होते. मेलबर्नच्या पहिल्या रेसला मर्सिडीजचा बोटास वीसेक सेकंदांनी जिंकला, फेरारी चौथी-पाचवी.

उनाड:
आणि २००९ ची ब्रॉन टीम? टेस्टिंगला वेगवान दिसली आणि खरंच चॅम्पियन झाली. सोयीचं तेवढंच सांगू नका.

खडूस:
मग २००१ ची प्रोस्ट टीमही घ्या. हिवाळी टेस्टिंगला जोरात, अख्ख्या सीझनमध्ये गुण ४.

तिसरा_गिअर:
भांडण नंतर. घाईगर्दी, ढोबळमानाने १० किलो इंधन म्हणजे लॅपला ०.३ सेकंद. ८ लॅपसाठी टाकीत किती भरलंय हे बाहेरून कळणं अशक्य. रेस सिम्युलेशन शोधा: बहारीनचे ५७ लॅप, मध्ये फक्त टायर बदलायला थांबे. त्यात गाडी गॅरेजमध्ये जात नाही, म्हणजे सुरुवातीला टाकी भरलेलीच असावी लागते. इंजिन मोड (इंजिन किती जोरात चालवलं ते) मात्र तरीही लपवता येतो.
आणि सरासरी काढूच नका. इंधन जळतं तशी गाडी दर लॅपला साधारण ०.०५ नी वेगवान व्हायला हवी. वेळ जागच्या जागी राहिली तर तेवढं टायरने खाल्लं असं समजा.

जुनाखोड:
व्ही१० इंजिनाचा आवाज होता तेव्हा असली गणितं लागत नव्हती. कानाला कळायचं.

उनाड:
काका, आवाजावरून इंधन कळायचं?

घाईगर्दी:
बघितलं. १८ लॅपवाला सिम्युलेशनचाच पहिला स्टिंट (टायर बदलेपर्यंतचा टप्पा) आहे, दुपारचा. ८ वाला संध्याकाळचा. टायर दोन्हीकडे एकाच प्रकारचे, सी३.

तिसरा_गिअर:
मग झालंच की! दुपारी ट्रॅक तापलेला, टाकी भरलेली, तरी फक्त ०.४ मागे. त्यातून रेस दिव्यांखाली, थंड ट्रॅकवर. मी दुसरी घेईन.

खडूस:
संध्याकाळचा लांब रन पाहिल्याशिवाय मी दोन्ही घेणार नाही.

घाईगर्दी:
वेळ नाही. दुसरी लॉक केली.

उनाड:
अहो, पण टीम कुठल्या दोन? ते अजून सांगितलंच नाहीत!