मेमो दिल्याने रिजेक्शन कमी होतं म्हणणाऱ्यांना

सातपूर_क्वालिटी: काल इथे एका प्लांट हेडनी लिहिलं, ‘चुकणाऱ्याला मेमो, पुन्हा चुकला तर बाहेर. शिस्त आली की रिजेक्शन आपोआप घटतं.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. रिजेक्शन, म्हणजे बाद माल, घटत नाही, फक्त दिसेनासा होतो. माझ्या आधीच्या कंपनीत बोअर (पार्टचं भोक) मापापेक्षा मोठा निघाला की पोरं पीस स्क्रॅप बिनच्या तळाशी दडपायची. इन्सर्ट (मशीनमधलं कापणारं पातं) झिजलंय हे सांगणार कोण? कस्टमरची तक्रार आली की एट-डी, म्हणजे कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट, भरायचा. कारण: ऑपरेटरचे दुर्लक्ष. उपाय: समज दिली. व्हाय-व्हाय, म्हणजे पुन्हा पुन्हा ‘का’ विचारून मुळाशी जाणं, पहिल्याच ‘का’ला संपायचं. टोयोटात ऑपरेटर दोरी ओढून लाईन थांबवू शकतो, इथे त्याला तोंड उघडायची भीती.

अंबड_शिफ्ट: रात्री तीनला गेज (माप तपासायचं साधन) न लावता ट्रे भरणाऱ्याचं काय करू, सत्कार? लाईन थांबली की शिव्या मी खातो, क्वालिटीवाले नाही.

सातपूर_क्वालिटी: गेज लावलाच नाही त्याला द्या मेमो. मी लावूनही पीस खराब निघतो त्याबद्दल बोलतोय.

दिंडोरी_बागायतदार: कंपन्यांचं काय घेऊन बसलात, २०१० आठवा! युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, कंटेनर अडकले. वेलीची वाढ रोखायला सीसीसी, म्हणजे हेच औषध, सगळेच मारायचे आणि इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. रिपोर्ट पास! तरी बोल शेतकऱ्याला.

पिंपळगाव_पॅकहाऊस: नंतर आलं ना यादीत? शिकलेच की सगळे.

दिंडोरी_बागायतदार: आमच्या पैशावर शिकले! चुलत्यांचं सोसायटीचं कर्ज त्या साली थकलं ते कित्येक वर्षं फिटलं नाही. ‘यादीत राहून गेलं’ एवढंसुद्धा गावात येऊन कुणी बोललं नाही.

पिंपळगाव_पॅकहाऊस: पैसे आमचेही बुडाले. युरोपची मर्यादा काही गुपित नव्हती, वाचायची होती.

दिंडोरी_बागायतदार: कुणी? दोन एकरवाल्याने? माल तुम्ही पाठवत होतात, साहेब. जरा जपून बोला.

पिंपळगाव_पॅकहाऊस: बरं, निर्यातदारांनी बघायला हवं होतं. एवढं मान्य. पण सगळं खापर आमच्यावर नको.

अंबड_शिफ्ट: यादीत नाही ते कोण तपासणार, हे द्राक्षवाल्यांचं पटलं. आमच्या कंट्रोल प्लॅनमध्येही (लाईनवर काय, कसं तपासायचं त्याचा कागद) इन्सर्ट किती पीसला बदलायचं ते लिहिलेलं नाही, पोरं अंदाजाने बदलतात. सोमवारी लिहून घेतो. मेमो मात्र लगेच बंद होणार नाहीत. लाईन थांबली की वरून पहिला मेमो मला येतो. तो आधी थांबवा, मग मी खालचे थांबवतो.